हसण्याचा भाग

"मग तो स्टेशनवर उतरला," मी म्हणाले. "पायऱ्यांवर ती उभी. त्यानं बॅग खाली ठेवली आणि..."

"थांब," आई म्हणाली. "स्टेशन उद्या."

"आई, अगं भेटतायत आत्ता."

"भेटू देत उद्या. आज पानं वाळलीत, आधीच फाटतायत. तू त्यांना भेटवशील आणि उद्या चेकर माझी निम्मी बिडी काढून टाकेल."

आमच्या ओट्यावर प्रेमाला वेळापत्रक होतं. मारामारी कधीही चालायची. विनोद सकाळी, हात ताजे असताना. पण हिरो-हिरॉईनची भेट मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत, सुपं आवरायला लागल्यावरच. कारण भेटीच्या जागी बायकांचे हात सैल पडायचे, आणि हात सैल पडले की बिडी सैल व्हायची. सैल बिडी कारखान्यातला चेकर दोन बोटांत दाबून बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. छाट झालेली बिडी परत वळून द्यावी लागते. म्हणजे माझ्या एका गोड सीनमागं आईचा एक तास जायचा.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिन्यातली. मी आठवीतून नववीत गेले होते. सोलापूरच्या पूर्व भागात आमची गल्ली आहे, तिथं दर दुसऱ्या ओट्यावर बिड्या वळतात. आमच्या ओट्यावर चौघी बसायच्या आणि पाचवी मी, नुसत्या तोंडानं काम करणारी. त्या वर्षी कथाकथनात मला शाळेत पहिला नंबर मिळाला होता. तोवर मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा लाजायचे. आता मला वाटत होतं की जगातलं काहीही मला सांगता येतं.

आता कुणी म्हणेल, टीव्ही लावायचा की. लावून बघितला होता. पण पिक्चरमधलं अर्धं प्रेम न बोलता, नुसतं बघण्यात असतं. तो बघतो, ती बघते, मागं वाजत राहतं. आणि आमच्या बायकांचे डोळे कधी रिकामे नसतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मान वर केली की गेलं. म्हणून मी आत जाऊन पिक्चर बघायचे आणि बाहेर येऊन सांगायचे: आता त्यानं तिच्याकडं बघितलं. आता तिनं पापणी खाली घातली. आता ती हळूच हसली. ते हळूच हसणं बऱ्याचदा मीच घालायचे. पिक्चरमध्ये नसलं तरी. लोकांना आवडायचं.

सगळ्यात जास्त अव्वाला आवडायचं. अव्वा म्हणजे नरसव्वा, ओटा तिचाच. घरात आम्ही तेलुगू बोलतो आणि तेलुगूत आजीला अव्वा म्हणतात. ती सगळ्या गल्लीचीच अव्वा होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन दिवाळीनंतर करू, असं म्हणत तीन दिवाळ्या गेल्या होत्या. तिला माणसं सावलीसारखी दिसायची. तरी बोटांनी चाचपून ती आईइतकीच बिडी वळायची, पन्नास वर्षांची सवय. माझी जागा तिच्या उजव्या कानाशी. शेजारी भांडण झालं, कुणाकडं पाहुणे आले, तरी ती मलाच विचारायची, "मानसा, सांग. कोण कुणाकडं बघतंय?"

तिसरी इंदूमावशी, समोरच्या घरातली. आमच्यात ती एकटीच अस्सल मराठी, म्हणून ओट्यावरचं बोलणं मराठीत चालायचं. ती रडायला सगळ्यात आधी तयार.

आणि चौथी रजिता अक्का.

रजिता अक्का अव्वाची भाची आणि सूनही. अव्वाच्या भावाची मुलगी, अव्वाच्याच मुलाला दिलेली. आमच्यात आत्या आणि सासू दोघींना अत्ताच म्हणतात, त्यामुळं लग्नानंतर तिला हाक बदलावी लागली नव्हती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची असेल. तिचा नवरा अंबादास यंत्रमागावर काम करायला भिवंडीला गेला, त्याला चार वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर त्याचे फोन आले. मग बंद झाले. तिकडं कुणाबरोबर तरी राहतो, असं लोक म्हणायचे, पण अव्वासमोर कुणी म्हणायचं नाही. रजिता अक्काचा भाऊ गोवर्धन तिला न्यायला दोनदा आला होता. दुसरं स्थळ आहे, बायको वारलेली आहे, माणूस चांगला आहे, असं सांगत. दोन्ही वेळा रजिता अक्का म्हणाली, "मी वाट बघते यांची." अव्वा तिच्या डोक्यावरून हात फिरवून रडली होती. मीसुद्धा रडले होते. अख्ख्या गल्लीत वाट बघणारी खरीखुरी बाई आमच्याच ओट्यावर बसते, याचा मला काय अभिमान होता.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. मी कितीही जीव ओतून भेट सांगितली, स्टेशन सांगितलं, तरी रजिता अक्काची बिडी सैल व्हायची नाही. आईची व्हायची, इंदूमावशीची तर हमखास. अव्वाचीसुद्धा व्हायची. पण हिच्या सुपातली एकूण एक बिडी खिळ्यासारखी. चार वर्षांत तिची छाट निघाली नव्हती. मला तो माझ्या कलेचा अपमान वाटायचा.

त्या दिवशी स्टेशन उद्यावर टाकून मी पाय हलवत बसले होते. तेवढ्यात इंदूमावशीचा फोन वाजला. तिनं बोटं पदराला पुसून उचलला आणि तिचा चेहरा असा झाला की आईसुद्धा थांबली.

"अंबादास हाय," ती म्हणाली. "अव्वा, तुझा अंबादास."

अव्वानं फोन उलटाच कानाला लावला, मी तो सरळ केला. बोलणं दोनच मिनिटं चाललं. अव्वा नुसती हो, हो म्हणत होती. तिकडचं कारखान्याचं शेड बंद पडलं होतं, माग भंगारात गेले होते, तो कायमचा परत येत होता. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं. अव्वानं फोन मांडीवर ठेवला आणि हात पुढं करून चाचपत राहिली, रजिता अक्काचा हात सापडेपर्यंत.

"तुझं देवानं ऐकलं गं," ती म्हणाली.

रजिता अक्का म्हणाली, "हो अत्ता." मग तिनं हात सोडवून घेतला, कारण तिच्या दुसऱ्या हातात अर्धवट वळलेली बिडी होती.

मी आनंदानं वेडी झाले होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक पिक्चर बाहेर, ओट्यावर येणार होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. इंदूमावशी बसता बसताच म्हणाली, "ते तुझं स्टेशन राहू दे मानसा. आपल्या गल्लीचंच सांग की. आमच्या अंबादासचं."

मी आईकडं बघितलं. आई हसली, म्हणजे परवानगी. वेळापत्रक मोडून, सकाळी दहा वाजता, मी अंबादास आणि रजिताची गोष्ट सांगितली. ती गल्लीला पाठ होती, पण मी सांगितल्यावर ती नवीनच झाली.

अंबादास वर्षभर तिच्या मागं होता. ती बिड्या द्यायला कारखान्यात जायची तेव्हा गेटसमोर सायकल लावून उभा राहायचा. मी तिथं एक गुलमोहर घातला. त्यानं विचारलं, ती नाही म्हणाली. दिवाळीला परत विचारलं, परत नाही. मग एका सकाळी, सगळ्या बायका रांगेत उभ्या असताना, त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि स्वतःच्या हातावर तिचं नाव कोरलं. तीन अक्षरं. रक्त थेंब थेंब पायावर पडतंय आणि तो तिच्याकडं बघतोय. फुलं पडतायत. बायका ओरडतायत. आणि ती? तिनं आधी मान फिरवली. मग हळूहळू वळून बघितलं. डोळ्यांत पाणी आणि, मी आवाज बारीक केला, पाण्यातून ती हळूच हसली.

इंदूमावशीनं नाक ओढलं. आईचा दोरा हातातच राहिला होता. अव्वा म्हणाली, "असाच आहे माझा पोरगा. एकदा मनात आलं की सोडायचा नाही."

"पानं संपली," रजिता अक्का म्हणाली आणि सूप खाली ठेवून आत गेली.

"लाजली," इंदूमावशी म्हणाली.

तिच्या सुपाशेजारी ओल्या पोत्यात पानांची चांगली जुडी होती. मला दिसली. पण लाजणंच जास्त शोभत होतं.

गुरुवारी सकाळी बिड्या द्यायला मी रजिता अक्काबरोबर कारखान्यात गेले. एरवी अव्वाची बिडी तीच न्यायची, पण त्या दिवशी घरात शुक्रवारच्या तयारीचं सामानही आणायचं होतं, म्हणून आईनं मला पिशवी धरायला पाठवलं. आम्ही लवकर पोचलो. गेट उघडलं नव्हतं. ऊन मात्र आलं होतं, आणि आम्ही भिंतीच्या वीतभर सावलीत उभ्या राहिलो.

"इथंच ना अक्का?" मी विचारलं. मला राहवेना. "इथंच उभा होता ना तो?"

"तिथं," ती म्हणाली. बोटानं नाही दाखवलं, हनुवटीनं दाखवलं. "गटारापाशी. गुलमोहर नाहीये इथं."

"तो मी घातला."

"माहितीये."

मी वाट बघत होते की ती आता सांगेल, त्या दिवशी तिला कसं वाटलं. मी ते वापरणार होते. शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण गोष्ट, नव्या शेवटासकट, असं माझं ठरलं होतं.

"मी तीनदा नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू दोनदा सांगतेस."

"तिसरं कधी?"

"ब्लेड काढल्यावर. मोठ्यानं म्हटलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. पण मग रक्त आलं आणि ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही."

मी म्हणाले, "पण अक्का, त्यानं तुझ्यासाठी हात कापून घेतला."

"माझ्यासाठी नाही गं," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

तिचा आवाज चढलेला नव्हता. सकाळची नऊची वेळ, पण ती दिवसभर बसून उठलेल्या बाईसारखी बोलत होती. त्यानंतर घरी रोज माणसं यायची, म्हणाली. पोरगा विष घेईल. अत्ताचा एकुलता एक आहे. एवढं प्रेम कुणाला मिळतं. पुढं पुढं तिला त्यांना चहा करून द्यायचाही कंटाळा यायला लागला. एक दिवस ती हो म्हणाली, म्हणजे ती माणसं यायची थांबतील. दोन वर्षं संसार केला. त्यानं कधी मारलं नाही. पण ती कुठं कंटाळलेली दिसली, कुणाशी बोलली, जेवताना गप्प राहिली की तो बाही वर करून हात दाखवायचा. हे बघ. हे कुणासाठी केलं.

"मग तो गेला," ती म्हणाली, "आणि मला झोप लागायला लागली."

मी विचारलं, मग वाट बघते असं का म्हणायचीस. विचारतानाच मला कळायला लागलं होतं, पण तरी विचारलं.

"दुसरं काय म्हणणार? नको म्हटलं तर गोवर्धन नेऊन दुसरीकडं देईल. नको म्हणणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. वाट बघणाऱ्या बाईला कुणी हात लावत नाही. हे तुझ्याच पिक्चरांतून कळलं मला." ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. "तुझं काही चुकलं नाही. तू चांगलं सांगतेस. फक्त एक."

"काय?"

"मी हसले नव्हते, मानसा. तो हसण्याचा भाग तुझा आहे."

गेट उघडलं. रांग हलली. आत चेकरनं तिच्या बिड्या दाबून बघितल्या, एकही काढली नाही. परत येताना आम्ही रवा, साखर, वेलची आणि अंबादासला आवडतात म्हणून मिरच्या घेतल्या. घर आल्यावर पायरीशी ती म्हणाली, "अत्ताला यातलं काही सांगू नकोस. मुलगा आहे तिचा. चार वर्षं तिनं मला जेवू घातलंय. मी कुठल्या तोंडानं सांगू तिला." मग थोड्या वेळानं, "उद्या गोष्ट नको सांगूस. एवढंच कर."

शुक्रवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. शेजारच्या गल्लीतल्या बायकासुद्धा आपापली सुपं घेऊन आल्या होत्या. काम कुणाला सुटत नाही, पण बघायचंही होतं. आत शिरा झाला होता. रजिता अक्काला इंदूमावशीनं बळंच हिरवी साडी नेसवली होती आणि गजरा माळला होता. ती नेहमीच्या जागी बसली होती, भिंतीला टेकून, मांडीवर सूप. मी अव्वाच्या उजव्या कानाशी. अव्वा सकाळपासून दर गाडीच्या आवाजाला मला विचारत होती.

तीन वाजता रिक्षा थांबली. अंबादास उतरला.

मी त्याला पिक्चरसारखा बघायचं ठरवून बसले होते, चार वर्षं ठरवून बसले होते म्हटलं तरी चालेल. पण उतरला तो एक वाळलेला माणूस. गाल आत गेलेले, पँट कमरेला जमा झालेली. एका हातात बॅग, एका हातात मिठाईचा खोका, त्याचा दोरा सुटून लोंबत होता. तो अव्वाच्या पाया पडला. अव्वानं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मग तो उठला आणि रजिता अक्कासमोर जाऊन उभा राहिला.

सगळ्या ओट्यावर हात थांबले. मी त्या गल्लीत जन्मल्यापासून तसं पहिल्यांदा बघत होते.

"रजिता," तो म्हणाला, "मी आलो." आणि तो काय करणार हे मला आधीच कळलं. त्यानं शर्टाची बाही वर केली. तीन अक्षरं पांढरी पडली होती, थोडी लांबट झाली होती. हात बारीक झाला होता ना.

इंदूमावशी हुंदका देऊन रडायला लागली. आजूबाजूला नाकं वाजली. अव्वाला त्या सगळ्यातून काही कळेना. तिनं माझं मनगट पकडलं.

"मानसा, सांग. कशी बघतेय ती त्याच्याकडं?"

सगळ्यांनी ऐकलं. अंबादासनंही ऐकलं. आईनं मागून माझ्या पाठीला बोट टोचलं, म्हणजे चांगलं सांग. मला माहीत होतं चांगलं काय ते. पापणी खाली, पदराचं टोक, डोळ्यांत पाणी, आणि मग. माझ्या जिभेवर ते सगळं तयार होतं, रोजचं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं आणि अव्वा तिला त्याच्याबरोबर आत पाठवून आनंदानं मेली असती.

"बघत नाहीये अव्वा," मी म्हणाले.

"लाजली असेल."

"लाजली नाहीये."

"रडतेय?"

"नाही."

आईचं बोट परत टोचलं, या वेळी नखासकट. अव्वानं माझं मनगट घट्ट धरलं. "मग करतेय काय?"

"बिडी वळतेय."

कुणीतरी खुसकन हसलं आणि थांबलं. कारण खरंच ती वळत होती. ओट्यावरचे सगळे हात थांबले होते आणि तिचे दोन चालू होते. पान, तंबाखू, वळण, दोरा, तोंड. अंबादास बाही वर करून उभा होता आणि ती बिड्या वळत होती. घाईनं नाही, रागानंही नाही. मी अव्वाला म्हणाले, तो आल्यापासून नऊ झाल्या.

अव्वानं माझं मनगट सोडलं, हात पुढं केला आणि जमिनीवरून सरकत सरकत रजिता अक्काच्या सुपापर्यंत गेली. सुपात बोटं फिरवली. वरच्या नऊ बिड्या तिनं एकेक करून उचलल्या आणि अंगठा आणि दोन बोटांमध्ये दाबल्या. जशा चेकर दाबतो तशा. पहिली. दुसरी. सगळ्या. मला नंतर वाटलं, अव्वानं मला हजारदा विचारलं असतं तरी तिला जे कळलं नसतं, ते तिला तिथं कळलं.

"चार वर्षं अशीच होती का गं तुझी बिडी?" अव्वानं विचारलं.

रजिता अक्काचे हात थांबले.

"हो अत्ता."

"दमलीस?"

हिरव्या साडीत, गजरा एका बाजूला घसरलेला, ती त्या क्षणी अव्वाएवढी म्हातारी दिसत होती.

"हो," ती म्हणाली. "खूप."

अव्वानं नऊच्या नऊ बिड्या परत सुपात ठेवल्या, तोंडं एका बाजूला करून. मग ती अंबादासचा आवाज जिथून आला होता तिकडं वळली.

"बाही खाली कर," ती म्हणाली. "शिरा झालाय. खा. मग धाकट्या मामाकडं जा राहायला."

"अम्मा, हे माझं घर आहे."

"हो ना. म्हणून तर खाऊन जा म्हणतेय."

एवढंच झालं. तो शिरा न खाता गेला. अव्वानंही त्या दिवशी काही खाल्लं नाही, आणि रजिता अक्कानं तिच्यासमोर ताट ठेवून, ते गार झाल्यावर उचललं. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. कुणाला जिंकल्यासारखं वाटलं असेल तर असो, मला तरी वाटलं नाही. अंबादास पंधरा दिवस मामाकडं होता. रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि अव्वा मला विचारायची, आहे का उभा. मी म्हणायचे, आहे. ती म्हणायची, बरं. मग एक दिवस तो नव्हता. सुरतेला गेला, असं कळलं. गोवर्धन आला, आरडाओरडा करून गेला, परत आला. या वेळी रजिता अक्का "नको" म्हणाली, आणि अव्वा म्हणाली, "ऐकलंस ना? ती नको म्हणाली."

इंदूमावशी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. भरल्या घराचं वाटोळं केलंस, म्हणाली. आईनं मला दोन दिवस ओट्यावर बसू दिलं नाही. आणि मला स्वतःलाच बसायचं नव्हतं. माझ्या तोंडातली गोष्टच गेली होती. पिक्चर लावलं की मला फक्त हिरॉईन 'नाही' म्हणते ते ऐकू यायचं, आणि पुढचं सगळं गाणं, पाऊस, बघणं त्या 'नाही'च्या मागं पळताना दिसायचं. तेरा वर्षांची होते मी. एवढं दमायचं वय नव्हतं ते.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, रजिता अक्काच म्हणाली, "मानसा, गोष्ट सांग की."

बाकीच्या तिघींनी सुपावरून मान वर केली. मी म्हणाले, "कुठली?"

"कुठलीपण. तुला सुचेल ती."

मग मी एक सांगितली. कुठल्याच पिक्चरमधली नव्हती, सांगता सांगता होत गेली. एक मुलगा होता, एक मुलगी होती. त्याला ती फार आवडायची. नदीकाठ होता, झाडं होती, झाडांना मी भरपूर फुलंही लावली, मला आवडतात. त्यानं तिला विचारलं.

"मग?" इंदूमावशी म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, हे तेवढ्यापुरतं विसरली.

"ती नाही म्हणाली."

"मग?"

"तो म्हणाला, बरं."

"बरं काय? मग काय केलं त्यानं?"

"घरी गेला."

"आणि?"

"जेवला."

इंदूमावशीनं कात्री खाली ठेवली. "हे कसलं मेलं पिक्चर?" ती म्हणाली. "जेवला काय? काय जेवला?"

"आमटी-भात," मी म्हणाले.

आधी अव्वा हसली, मग आई. आणि मग मी कधी ऐकला नव्हता असा एक आवाज आला, भिंतीकडून. रजिता अक्का हसत होती. हळूच वगैरे नाही. तोंडावर तंबाखूची बोटं जाऊ नयेत म्हणून हात लांब धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती थांबली की इंदूमावशी परत म्हणायची, "आमटी-भात जेवला म्हणे," की परत सुरू.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी धरायला तिच्याबरोबर गेले. चेकरनं तिच्या बिड्या न बघताच सरकवल्या, मग थांबला, दोन उचलून दाबल्या, अजून चार दाबल्या. मूठभर बिड्या त्यानं बाजूला काढल्या.

"काय झालं बाई आज?" तो म्हणाला. "चार वर्षांत तुमची एक छाट नव्हती."

रजिता अक्कानं त्या सैल बिड्या ओंजळीत गोळा केल्या.

"गोष्ट ऐकत होते," ती म्हणाली.